आधी इच्छा, मग रजा?

एसटीचा एखादा चालक, पोलिस शिपाई नाहीतर शाळेतले मास्तर पिऊन पडलेले दिसले की कुणीतरी मोबाइल काढतो, आणि पुढचे दोन दिवस काय होणार हे आता आपल्याला पाठ झालंय. पहिल्या तासात 'बडतर्फ करा'. दुपारपर्यंत 'आधी त्याच्या ड्युट्या बघा, पगार बघा'. रात्री कुणीतरी 'हा आजार आहे' असं लिहून चार शिव्या खातो. दुसऱ्या दिवशी एखादे काका जाणत्या सुरात वादावर पडदा टाकतात: 'ज्याला स्वतःला सोडायची नाही त्याला ब्रह्मदेवही सोडवू शकत नाही. इच्छाशक्ती पाहिजे.' यावर सगळ्यांच्या माना डोलतात. 'हाकला' म्हणणाऱ्यांच्याही आणि 'सांभाळा' म्हणणाऱ्यांच्याही. माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे.

व्यसनात अडकलेल्या कामगाराची सोडण्याची इच्छा ही काही त्याने जेवणाच्या डब्यासारखी घरून भरून आणायची वस्तू नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत ती बाहेरून सुरू होते. धाकाने, लाजेने, हातची नोकरी जाईल या भीतीने. ती त्याची स्वतःची होते ती फार नंतर, कधीकधी वर्षभराने. अशी इच्छा तयार होऊ शकेल अशा ज्या मोजक्या जागा उरल्यात, त्यात कामाची जागा पहिली. म्हणून 'आधी मनापासून ठरव, मग उपचाराच्या रजेचं बघू' हा आपल्या कचेऱ्यांचा आणि कारखान्यांचा क्रमच उलटा आहे. पहिल्याच वेळी सापडल्यावर घरी घालवणं चूकच. पण 'जाऊ दे रे, बायकापोरांकडे बघ' म्हणत पांघरूण घालणं त्याहून घातक, आणि या दुसऱ्या प्रकारात माझे स्वतःचे हात बरबटलेले आहेत.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. तेव्हा पगार रोख पाकिटात मिळायचा आणि सात तारखेला गेटबाहेर पाच-सात बायका उभ्या असायच्या. कुणी चपलेचा अंगठा मातीत घुसवत, कुणी कडेवरचं पोर सांभाळत. नवरा गेटमधून बाहेर पडून गुत्त्याकडे वळायच्या आत पाकीट हातात घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. त्यातल्या एकीचा नवरा आमच्याकडे टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचा कारागीर होता. सोमवारची दांडी ठरलेली. आला की तोंडात वेलदोडा, खिशात बडीशेपेची पुडी. सकाळी मायक्रोमीटर धरताना उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरायचा, कारण हात लटपटायचे. जेवणाच्या सुट्टीत कुठूनतरी क्वार्टर मारून आला की तेच हात असे स्थिर व्हायचे, की त्याने काढलेला बोअर बघून इन्स्पेक्शनवाला गेज दोनदा लावून बघायचा. लोक म्हणायचे, बघा, प्यायल्यावरच चांगला चालतो. त्या शरीराला आता दारूशिवाय सरळ उभंही राहता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आम्ही काय केलं? त्याचं कार्ड दुसऱ्याने पंच केलं. दांड्या सी.एल.मध्ये बसवल्या. चार्जशीट आली की उत्तर मी लिहायचो: 'पोटदुखीवर औषध घेतले होते, वास त्याचा होता.' हे वाक्य मी तीन वर्षांत तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ताकीद देऊन सोडलं. दर वेळी त्याने माझे पाय धरले, दर वेळी मला आपण गरिबाचं घर वाचवल्याचं समाधान मिळालं. चौथ्या वर्षी तो रक्ताच्या उलट्या होऊन गेला. फंडाच्या कागदांवर सही करायला बायको आली होती. क्रेडिट सोसायटीचं कर्ज वजा होऊन हातात काय पडणार ते मी समजावून सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'भाऊ, एकदा तरी त्यांना घाबरवायला पाहिजे होतं तुम्ही.'

आता कुणी म्हणेल, घाबरवून काय होतं? जबरदस्तीने दारू सुटते का? हा आक्षेप जुना आहे आणि वजनदारही. पाणी दाखवता येतं, घोड्याला पाजता येत नाही, वगैरे. पण हे तपासून बघता येतं, आणि लोकांनी बघितलंय. १९९१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. दारूमुळे कामात अडचणीत आलेले २२७ कामगार. त्यांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला रुग्णालयात दाखल होणं सक्तीचं, दुसऱ्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटांच्या, बैठकांना जाणं सक्तीचं, तिसऱ्याने हवं ते निवडावं. आपल्या काकांच्या हिशेबाने तिसरा गट जिंकायला हवा होता, कारण त्यात ज्याची त्याची मर्जी होती. पिण्याच्या बाबतीत सर्वांत चांगले राहिले ते सक्तीने दाखल केलेले. बैठकांवर पाठवलेले मागे पडले आणि स्वतः निवडणारे मधोमध राहिले. कामातली सुधारणा तिन्ही गटांत झाली. म्हणजे नुसती सक्ती पुरत नाही, तिच्या पाठीमागे खरा उपचार लागतो, हेही त्यातून दिसतंच. पण मर्जीने आला म्हणून तरला आणि ढकलला म्हणून बुडाला, असं काही दिसत नाही.

दुसरा दाखला डॉक्टरांचा. अमेरिकेतल्या सोळा राज्यांत व्यसनात सापडलेल्या डॉक्टरांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला. त्यांच्यासमोरचा सौदा साधा होता: उपचार घ्या, वर्षानुवर्षं अचानक होणाऱ्या लघवीच्या तपासण्या मान्य करा, नाहीतर परवाना गमवा. ज्यांचं पुढे काय झालं ते कळू शकलं अशा ८०२ पैकी ६३१ जण पाच वर्षांनी परवाना शाबूत ठेवून काम करत होते. हे लोक काय जन्मतःच मनाने पोलादी होते? तसे असते तर भूलशास्त्राच्या कपाटातली इंजेक्शनं स्वतःला टोचत बसले नसते. त्यांच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते परत मिळण्याची वाट कुणीतरी आखून दिली होती. याला मी इच्छाशक्तीचं बांधकाम म्हणतो.

आणि व्हिएतनाम. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये निक्सन सरकारने नियम केला की लघवीच्या तपासणीत पास झाल्याशिवाय घरी जाणाऱ्या विमानात पाऊल ठेवायचं नाही. सगळ्यांना भीती होती की ही फौज घरी येऊन शहरं बुडवणार. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्यांचा माग काढला, तेव्हा तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले निघाले पाच टक्क्यांच्या आसपास. माणसं तीच होती, मनंही तीच. बदलली ती जागा, सोबत, रोजचा दिवस, आणि विमानात चढण्याची ती एक अट. हेरॉइनसारख्या नशेची जर ही कथा, तर सगळा भार एकट्या माणसाच्या मनोनिग्रहावर टाकणाऱ्यांनी थोडं थांबून विचार करायला हवा की नको?

आपल्याकडचाच एक जुना इतिहास बघा. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवून कामाला जायच्या. बाळगोळी म्हणायचे तिला. पोर दिवसभर गुंगीत पडून राहायचं, आई साच्यावर उभी. त्या काळातल्या चौकश्यांमध्ये याची नोंद आहे, आणि आयांच्या अडाणीपणावरची प्रवचनंही झाली. आज कुणी म्हणेल का, की त्या आईकडे इच्छाशक्ती कमी पडली? तिच्याकडे पाळणा बांधायला जागा नव्हती आणि पोराकडे बघायला माणूस नव्हतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराचं कलम आलं ते त्यासाठी. दक्षिण आफ्रिकेत केपच्या द्राक्षमळ्यांत तर मजुरीचा काही भाग दारूतच द्यायची पद्धत होती. मालकानेच पाजायची आणि पुढच्या पिढीने म्हणायचं, हे लोक फार पितात. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत दारूचा विषय काढला तो दुकानं का वाढतायत या बाजूने काढला, पिणाऱ्याला आत्मसंयमाचे धडे देऊन नव्हे. मुळाकडे बघायची ही सवय आपल्याला होती. मध्येच कुठेतरी सुटली.

आजही काही कामं अशी आहेत की शुद्धीत राहून ती करवत नाहीत. गटार उपसणारा, कचऱ्याच्या गाडीवर चढणारा सफाई कामगार सकाळी आधी थोडी टाकतो, ती वासाला दबवण्यासाठी. त्याला आपण व्याख्यान देणार? लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या मागे त्याच्या वारसाला नोकरी मिळते. तरतूद चांगली आहे, कुणाच्याही घरची चूल विझू नये. पण नवरा दारूने गेला आणि त्याचा झाडू बायकोच्या हातात आला, अशी उदाहरणं ज्या वस्तीत ज्याच्या त्याच्या शेजारी असतात, तिथे नवरा जिवंत असताना या व्यवस्थेने त्याच्यासाठी काय केलं हे विचारायलाच हवं.

एवढं बोलून मी 'आजार आहे हो' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसतोय असं वाटेल. अर्धाच बसतोय. त्यांचं एक चुकतं. आजार म्हटलं की माणसाकडून काही मागायचंच नाही, असा अर्थ ते काढतात. टर्नरच्या बाबतीत मी हेच केलं, फक्त आजार हा शब्द न वापरता. आणि समोरच्यांचे काही मुद्दे इतके खरे आहेत की त्यांना बगल देणं अप्रामाणिकपणा होईल.

पहिला, बसमधल्या पन्नास माणसांचा. प्यालेल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग, क्रेन किंवा इंजेक्शनची सुई एक मिनिटही राहता कामा नये. यात 'पण' नाही. ब्रेथ अॅनालायझरवर सापडला की त्याच क्षणी खाली उतरवा, मोटार वाहन कायद्याप्रमाणे काय व्हायचं ते होऊ दे. मात्र स्टिअरिंगवरून उतरवणं आणि नोकरीतून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आपल्याच देशातल्या एका खात्याला चांगलं कळतं. विमानाचा पायलट उड्डाणाआधीच्या तपासणीत पहिल्यांदा सापडला तर त्याचा परवाना तीन महिने स्थगित होतो, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. दीडशे माणसं आकाशात नेणाऱ्याला पायऱ्या आहेत. चाळीस फूट लांबीच्या ट्रेलरवाल्याला मात्र 'उद्यापासून येऊ नको'. हा फरक धोक्यावरून पडला की पगारावरून? अर्थात पायलटच्या त्या तीन महिन्यांत उपचाराचं काय, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत १९७४ पासून पायलटांसाठी उपचार आणि देखरेख करून परत कॉकपिटमध्ये बसवणारी योजना चालते. शिक्षा आणि उपचार ही दोन्ही टोकं जुळवली की व्यवस्था अशी दिसते.

दुसरा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. वीस वर्षं थेंबही न घेतलेल्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाने काय पाप केलं? प्यायलेल्याचा कोटा त्याने भरायचा, त्याची शिफ्ट त्याने ओढायची, आणि भरपगारी रजा, समुपदेशन, सहानुभूती सगळं त्या दुसऱ्याला. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढंच म्हणतो की आजची चोरटी सहानुभूती त्याच्यावर जास्त अन्याय करते, कारण ती वर्षानुवर्षं चालते आणि कागदावर कुठेच नसते. लेखी करार झाला, की अमुक दिवस उपचार, त्यानंतर दोन वर्षं तपासणी, दर महिन्याला हजेरी, रजा आधी स्वतःच्या खात्यातून आणि मग बिनपगारी, तर त्या शेजाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं निदान मोजता तरी येतं. आणि करार मोडला तर नोकरी जाणार, हेही त्याच कागदावर हवं. तिसऱ्यांदा मोडणाऱ्याला घरी पाठवावं लागलं तर युनियनने आडवं पडू नये, असं मी आज म्हणतो. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे आवडत नाही.

तिसरा मुद्दा 'स्लिप'चा, म्हणजे सुटलेली पुन्हा धरण्याचा. होतं तसं, पुष्कळदा होतं. पण इथे आपण एक विचित्र माप लावतो. व्यसनमुक्ती केंद्रातून पस्तीस दिवसांनी आलेला माणूस गणपतीत एकदा पडला की सगळे म्हणतात, झालं, पैसे पाण्यात. तो मधले सात महिने कोरडा राहिला, त्या सात महिन्यांत पोराची फी भरली, मशीनवर एकही बोट गेलं नाही, हे कुठल्या खात्यात मांडायचं? मूळ अडचण स्लिपची नाहीच. बहुतेक लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. एम्सच्या २०१९ मधल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसली ना कसली मदत मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मागे एक. राहिलेल्यांना आपण काय सांगितलंय? मनाचा निश्चय कर. ज्याची दारू शरीरात मुरली आहे त्याला 'एका झटक्यात सोड' सांगणं तर थेट जिवाशी खेळ. दोन-तीन दिवसांत फिट येते, भिंतीवर किडे दिसतात, आणि वैद्यकीय देखरेख नसेल तर माणूस दगावतोही.

गंमत अशी की दारूवरचं पहिलं औषध कारखान्याच्या आवारातच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका रसायन कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवलं की रबरासाठी वापरल्या जाणाऱ्या एका विशिष्ट रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू अजिबात सोसत नाही, तोंड लाल होतं, छाती धडधडते. दहा वर्षांनी डेन्मार्कमध्ये त्याच जातीचं एक रसायन डायसल्फिराम या औषधाच्या रूपात पुढे आलं. म्हणजे व्यसन आणि कामाची जागा यांचं नातं बघायला कुणीतरी कामगारांकडे नीट बघावं लागतं, एवढंच.

आपल्याकडे बघणारे नव्हते असं नाही. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा समोर गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची लाट होती. आज घराघरांत त्याचं नाव माहीत आहे. अडचण केंद्राच्या फाटकाच्या अलीकडची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था घेतल्या, आणि कलम २१ मध्ये विम्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यावं असं सांगितलं. आता घरातली मेडिक्लेमची पॉलिसी काढून मागची बारीक अक्षरं वाचा. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित करून दिलेल्या अपवादांत १२ नंबरला दारू, अमली पदार्थ किंवा कसल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम बसलेले आहेत, आणि बहुतेक पॉलिसींत ते सापडतील. कायद्याच्या पुस्तकात आजार, विम्याच्या कागदात अपवाद, आणि आमच्या स्थायी आदेशांत चोरी-मारामारीच्या रांगेतलं गैरवर्तन. एकाच माणसाला एकाच वेळी तीन टेबलांवर तीन नावं. तो कुठल्या टेबलावर जाऊन इच्छाशक्ती दाखवणार?

टर्नर गेल्यावर दोनेक वर्षांनी क्रेनवरचा एकजण सापडला. या वेळी मी उत्तर लिहिलं नाही. पर्सोनेलच्या साहेबांसमोर त्याला बसवलं आणि दोन कागद ठेवले. एक चौकशीचा, एक उपचाराचा: क्रेनवरून खाली, स्टोअरमध्ये बदली, केंद्रात भरती, दोन वर्षं तपासणी. त्याने मला आईवरून शिवी दिली, साहेबांना मनातल्या मनात दिली असणार, आणि दुसऱ्या कागदावर सही केली. बसमधून जाताना एक शब्द बोलला नाही. पहिल्या वर्षात दोनदा घसरला. दुसऱ्यांदा घसरला तेव्हा स्वतःच स्टोअरच्या चाव्या आणून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, आज मला देऊ नका.

परवा एका लग्नात भेटला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली त्याला, हातात मसाला ताकाचा ग्लास. मी विचारलं, खरं सांग, मनापासून कधी ठरवलंस?

'ठरवलं कुठं भाऊ? सही केली होती.'

मग मांडवाच्या कडेला, खुर्च्यांच्या मागे कोपऱ्यात डुलणाऱ्या एका पंचविशीतल्या पोराकडे त्याने हनुवटीने दाखवलं. भाच्याचा मित्र, चाकणला कंत्राटावर हेल्पर. सहा महिन्यांत तिसरी कंपनी, प्रत्येक वेळी गेटपास काढून घेतात आणि विषय संपतो. 'याच्यापुढे कोण ठेवणार कागद?' त्याने विचारलं. ठेकेदाराचं नाव मी विचारलं, तर ते त्या पोरालाही नीट माहीत नव्हतं.